घासलेले पॅड, वाकडी डिस्क: सायकलचे डिस्क ब्रेक घरच्या घरी कसे सांभाळायचे

ताम्हिणीचा उतार, जुलैचा पाऊस आणि मागच्या चाकातून अचानक खर्रर्र. आधी वाटलं वाळू अडकली असेल. पुढच्या वळणावर ब्रेक दाबला तर लिव्हर नेहमीपेक्षा बराच आत गेला आणि तव्यावर उलथनं घासल्यासारखा आवाज आला. विळे गावाच्या अलीकडे एका टपरीच्या पत्र्याखाली थांबून मोबाइलच्या टॉर्चने कॅलिपरमध्ये, म्हणजे डिस्कला दोन्ही बाजूंनी पॅडने दाबणाऱ्या चिमट्यात, डोकावलो. पॅडवरचा थर पूर्ण संपला होता आणि मागची लोखंडी पट्टी थेट डिस्कवर घासत होती. डिस्कवर नखाला लागतील अशा खाचा. पुण्याहून निघताना पॅड बघितले होते का? नाही. ब्रेक लागतोय ना, मग झालं, एवढाच माझा हिशेब.

काही शे रुपयांचे पॅड वेळेवर बदलले नाहीत म्हणून डिस्कही बदलावी लागली. तेव्हापासून पॅड आणि डिस्क या दोन वेगळ्या वस्तू आहेत असं मी मानत नाही. ती जोडी आहे. एकाला काही केलं की दुसऱ्याचं काय होणार, हे आधी बघायचं. खाली जे लिहिलंय ते याच अंगाने वाचा. (दुकानात रोटरला बहुतेक जण डिस्क किंवा डिस्क प्लेट म्हणतात. मीही दोन्ही शब्द वापरतो.)

खरेदीच्या आधी: नुसतं बघायचं

पॅड किती उरलाय हे चाक न काढताही कळतं. कॅलिपरच्या एका बाजूला पांढरा कागद धरा, दुसऱ्या बाजूने टॉर्च मारून डिस्कच्या रेषेत आत बघा. मधे डिस्कची बारीक कड दिसेल, तिच्या दोन्हीकडे पॅडचा थर आणि त्यामागे धातूची पट्टी. थर आणि पट्टी यांच्यात गल्लत करू नका. पट्टी चकचकीत किंवा रंगवलेली असते, थर मातकट, करडा किंवा तांबूस. नव्या पॅडवर तो साधारण २ मिलिमीटरच्या आसपास असतो. शिमानो या ब्रेक बनवणाऱ्या कंपनीच्या सूचनेप्रमाणे ०.५ मिमी उरला की पॅड बदलायचा. स्रॅम या दुसऱ्या कंपनीचं माप वेगळं: पट्टीसकट एकूण जाडी ३ मिमीपेक्षा कमी झाली की बदला. घाटात जाणार असाल तर मी १ मिमीलाच बदलतो. उरलेला अर्धा मिमी वापरून काही वाचत नाही, आणि तो अर्धा मिमी ओल्या उतारावर एका दिवसात जाऊ शकतो.

दोन्ही पॅड सारखे झिजलेत का, हेही बघा. एक जाड आणि एक पातळ असेल तर नवे पॅड घालून प्रश्न सुटणार नाही. हायड्रॉलिकमध्ये, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकमध्ये, पॅडला ढकलणारा एक पिस्टन अडकलेला असतो, तारेवर चालणाऱ्या केबलच्या ब्रेकमध्ये आतला पॅड नीट लावलेला नसतो. दोन्हींवर पुढे येतो.

डिस्कची जाडी व्हर्निअरने (जबड्यांत धरून जाडी मोजायचं साधन) मोजा. शिमानोच्या डिस्क नव्या असताना १.८ मिमी असतात आणि १.५ ला बाद. ही किमान जाडी डिस्कच्या दांड्यावर कोरलेलीच असते, फक्त ती वाचायची सवय आपल्याला नाही. इतर कंपन्यांचे आकडे वेगळे आहेत. मगुराची डिस्क नवी २ मिमीची असते आणि १.८ लाच बाद होते, म्हणून एका कंपनीचा आकडा दुसरीला लावू नका. एक खुबी लक्षात ठेवा: व्हर्निअरचे जबडे डिस्कच्या बाहेरच्या कडेवर ठेवलेत तर माप चुकतं, कारण ती कड पॅडखाली येत नाही आणि मूळ जाडीचीच राहते. माप घ्यायचं ते घासल्या जाणाऱ्या पट्ट्यावर. व्हर्निअर नसेल तर नख फिरवा. कडेला स्पष्ट पायरी लागली तर डिस्क मोजून घ्यायची वेळ झाली.

कुठला पॅड?

लोक विचारतात, रेझिन घेऊ की मेटल? त्याच्याही आधीचा प्रश्न आकाराचा आहे. पॅडचे आकार अक्षरशः शेकड्याने आहेत, आणि दोन-तीन मिमीच्या फरकाने पॅड बसत नाही किंवा, त्याहून वाईट, बसल्यासारखा वाटतो. एकदा एका दुकानात मला 'हाच बसतो, सगळे हाच नेतात' म्हणून पॅड दिला. बसला खरा, पण त्याचा वरचा भाग डिस्कच्या बाहेर राहिला. दोन महिन्यांत तेवढाच भाग न घासता उंच राहिला, आणि दोन्हीकडचे ते उंचवटे एकमेकांना टेकायला लागले. लिव्हर दाबला जायचा, ब्रेक मात्र लागायचा नाही.

म्हणून जुना पॅड काढून खिशात घालून दुकानात जा, किंवा कॅलिपरवर छापलेला मॉडेल क्रमांक लिहून न्या. क्रमांक लिव्हरवरचा नको, कॅलिपरचाच. शिमानोच्या पॅडवर बी०५एस, के०५एस, एल०५ए असे कोड असतात. पहिलं अक्षर आकाराचं, शेवटचं मागच्या पट्टीच्या धातूचं: 'एस' म्हणजे पोलाद, 'ए' म्हणजे ॲल्युमिनिअम. आपल्याकडच्या मध्यम किमतीच्या सायकलींवर शिमानोचे साधे हायड्रॉलिक किंवा टेक्ट्रोचे ब्रेक खूप दिसतात, आणि त्यातल्या बऱ्याच मॉडेलांना बी०५एसच्याच आकाराचा पॅड चालतो. तरीही जुना पॅड नव्यावर ठेवून, कडा जुळवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

आता रेझिन की मेटल. रेझिन, म्हणजे ऑरगॅनिक, मऊ असतो. पहिल्या दाबालाच धरतो, आवाज कमी, डिस्क कमी खातो. त्याचं वाईट म्हणजे चिखल-पाण्यात तो साबणासारखा संपतो आणि फार तापला की वरून काचेसारखा गुळगुळीत होतो. मेटल, म्हणजे सिंटर्ड, धातूची भुकटी दाबून-तापवून केलेला असतो. पावसात टिकतो, लांब उतारावर दम सोडत नाही. पण थंड असताना पहिले दोन-चार दाब जरा बोथट लागतात, ओला झाला की किंचाळतो आणि डिस्क लवकर झिजवतो. उष्णताही तो मागे, पिस्टन आणि तेलाकडे, जास्त पोचवतो. दोन्हींच्या मधले सेमी-मेटॅलिकही मिळतात.

माझं मत विचाराल तर: शहरात ऑफिसला जाणं-येणं, रविवारी सपाटीवरची राइड, एवढंच असेल तर रेझिन. सिंहगडाला नियमित जाणारे, बीआरएम (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राइड) करणारे आणि पावसाळ्यात कोकणात उतरणारे यांनी मेटल. कोकणातल्या जांभ्याची तांबडी माती पाण्यात मिसळली की तिचा जो लगदा होतो तो पॉलिश पेपरपेक्षा कमी नाही. मी जून ते सप्टेंबर मेटल वापरतो आणि दिवाळीच्या सुमारास रेझिनवर येतो. पुढे रेझिन, मागे मेटल अशी वाटणीही चालते. एकाच कॅलिपरमध्ये दोन प्रकार मात्र कधीच नको.

इथे जोडीची गोष्ट येते. तुमच्या डिस्कवर 'रेझिन पॅड ओन्ली' असं कोरलंय का बघा. स्वस्तातल्या बऱ्याच डिस्कवर असतं, शिमानोच्या आरटी२६, आरटी५६ यांवरही आहे. या डिस्कचं पोलाद मऊ असतं. तिच्यावर मेटल पॅड घातला तर ब्रेक लागेल, पण डिस्क भराभर उतरेल. मेटलवर जायचं असेल तर आधी डिस्क बदला, मग पॅड.

डिस्क निवडताना तीन गोष्टी

एक, व्यास. १४०, १६०, १८० आणि २०३ मिमी ही नेहमीची मापं. माप माहीत नसेल तर डिस्कवरच छापलेलं असतं. मोठी डिस्क म्हणजे तेवढ्याच बोटाच्या जोरात जास्त ब्रेक आणि उष्णता पसरायला जास्त धातू. पण मोठी डिस्क घालायची तर कॅलिपरही बाहेर सरकवावा लागतो, त्यासाठी ॲडॅप्टर लागतो, आणि फोर्क-फ्रेमला कमाल मापाची मर्यादा असते. ती ओलांडू नका. पुढची डिस्क मागच्यापेक्षा मोठी चालते, कारण खरं थांबवण्याचं काम पुढचाच ब्रेक करतो.

दोन, हबवर (चाकाच्या मधल्या तुंब्यावर) बसायची पद्धत. सहा बोल्टची डिस्क की सेंटरलॉक? हबकडे बघितलं की कळतं: सहा छोटे बोल्ट, नाहीतर मधे एकच मोठी रिंग. सेंटरलॉक हबवर सहा बोल्टची डिस्क बसवायचा ॲडॅप्टर मिळतो, उलटं करायला जाऊ नका.

तीन, जाडी. १.८ मिमीसाठी केलेल्या कॅलिपरमध्ये २ मिमीची डिस्क घातली तर पॅडना मोकळं राहायला जागा कमी पडते आणि ती सतत घासत राहते. शक्यतो ब्रेकच्याच कंपनीची डिस्क घ्या. खूप भोकं पाडलेली, नक्षीदार, हलकी डिस्क दिसायला छान असते. घाट उतरणाऱ्या ८०-९० किलोच्या माणसाने तिच्या वाटेला जाऊ नये.

पॅड बदलू या

हाताशी हवं: ३ आणि ५ नंबरची ॲलन की, पक्कड, प्लास्टिकचा टायर लिव्हर, स्वच्छ सुती फडकं, आयसोप्रोपिल अल्कोहोल. हे अल्कोहोल मोबाइल दुरुस्तीचं सामान विकणाऱ्या दुकानात 'आयपीए' म्हणून मागितलं की मिळतं. हात साबणाने धुऊन घ्या, कारण थोड्या वेळापूर्वी चेनला हात लावलेला असतो आणि ते बोट पॅडला लागलं की पॅड बाद. नवे पॅड कडेने धरायचे.

सायकल स्टँडवर घ्या. स्टँड नसेल तर आपण सगळे करतो तसं उलटी करा, पण हायड्रॉलिक ब्रेक असेल तर सरळ केल्यावर लिव्हर आठ-दहा वेळा दाबून बघा. उलट्या सायकलमध्ये लिव्हरजवळच्या तेलाच्या टाकीतली हवा नळीत शिरते आणि पहिला दाब पोकळ जाऊ शकतो.

चाक काढा. आता सर्वांत महत्त्वाचं: चाक बाहेर असताना लिव्हर दाबू नका, आणि घरात लहान मूल असेल तर त्याला आधी दुसऱ्या खोलीत पाठवा. मधे डिस्क नसताना दाबलं की पिस्टन बाहेर येतात, जास्त दाबलं तर तेलासकट. ट्रेनने सायकल न्यायची असेल तेव्हाही चाक काढल्यावर पॅडच्या मधे जाड पुठ्ठा खोचून ठेवा. लग्नपत्रिकेचा दुमडलेला पुठ्ठा अगदी मापात बसतो.

जुने पॅड अजून आतच आहेत. ते तिथेच ठेवून त्यांच्या मधे टायर लिव्हर घाला आणि हळूहळू, दोन्हीकडे सारखं रेटून पिस्टन मागे ढकला. जुने पॅड इथे ढालीचं काम करतात. उघड्या पिस्टनवर स्क्रू ड्रायव्हर टेकवला तर शिमानोचे सिरॅमिकचे पिस्टन तडकतात. पिस्टन मागे जायला फारच विरोध करत असतील तर जुने पॅड झिजलेले असताना कुणीतरी टाकीत जास्तीचं तेल भरलंय. जोर न करता लिव्हरवरचा छोटा ब्लीड स्क्रू फडकं धरून सैल करा, जास्तीचं तेल येऊ द्या आणि लगेच बंद करा.

मग पॅडची पिन. स्वस्त ब्रेकवर ती दुमडलेली कॉटर पिन असते, पकडीने टोकं सरळ करून ओढायची. बऱ्या ब्रेकवर स्क्रू असतो आणि त्याच्या टोकाला डोळ्यांना जेमतेम दिसेल अशी क्लिप. ती क्लिप आधी काढा आणि वाटीत टाका. फरशीवर पडली की ती सापडत नाही, हे मी तीन क्लिपच्या अनुभवावर सांगतो. पॅड आणि मधली स्प्रिंग एकत्रच बाहेर येतील. काही ब्रेकवर पॅड वरून निघतात, काहींवर खालून. ते कसे होते याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

आता रिकाम्या कॅलिपरमध्ये बघा. पिस्टनभोवती काळी पूड साचलेली असते. आयपीएत बुडवलेल्या कानकाडीने पुसा. पिस्टनजवळ ओलं, तेलकट दिसतंय? मग सील, म्हणजे पिस्टनभोवतीचं रबरी कडं, गळतोय. नवे पॅड घातलेत तर तेही आठवडाभरात तेलकट होतील. काही कॅलिपरना सील मिळतात, बऱ्याच वेळा मात्र कॅलिपर बदलणंच सोपं पडतं.

एक पिस्टन अडकलेला असेल तर चालणारा पिस्टन टायर लिव्हरने दाबून धरा, ब्रेकचा लिव्हर अगदी हलके दाबून अडकलेला २-३ मिमी बाहेर आणा, त्याची कड पुसा, ब्रेकमध्ये असतं तेच तेल कानकाडीने एक थेंब लावा, आत ढकला. चार-पाच वेळा करा, शेवटी सगळं कोरडं पुसून काढा. वर मी म्हटलं की चाक नसताना लिव्हर दाबू नका. हा त्याला एकमेव अपवाद, आणि तोही भीत-भीतच. तेलाचंही सांगून ठेवतो: शिमानो, टेक्ट्रो, मगुरा यांत मिनरल ऑइल. स्रॅमच्या बहुतेक ब्रेकमध्ये आणि होपमध्ये डॉट फ्लुइड, पण स्रॅमचेही काही नवे ब्रेक मिनरलवर आहेत. लिव्हरवर छापलेलं वाचा. दोन्हींची अदलाबदल केली तर सील फुगतात आणि ब्रेक कायमचा जातो.

नवे पॅड स्प्रिंगच्या दोन पायांवर ठेवा, पिनची भोकं जुळवा आणि चिमटीत दाबून आत सरकवा. स्प्रिंगचा पाय पॅडच्या थरावर आला नाही ना, बघा. मागे पंख्यासारख्या पट्ट्या असलेले पॅड असतील तर डावा-उजवा छापलेला असतो. पिन घाला, कॉटरची टोकं दुमडा किंवा स्क्रू हलक्या हाताने लावून क्लिप बसवा. हा स्क्रू कसायचा नसतो, जाग्यावर बसला की पुरे.

चाक लावताना सायकल जमिनीवर, स्वतःच्या वजनावर टेकलेली असू द्या. 'डिस्क घासतेय' म्हणून माझ्याकडे आलेल्या सायकलींपैकी बऱ्याच फक्त चाक तिरकं बसल्यामुळे घासत होत्या. चाक काढून नीट लावलं, आवाज गेला. विशेषतः क्विक रिलीजच्या चाकांना हे हटकून होतं.

त्यानंतर लिव्हर दहा-बारा वेळा दाबा, पिस्टन नव्या पॅडपर्यंत येतील. अजून घासत असेल तर कॅलिपरचे दोन बोल्ट अर्धा-एक फेरा सैल करा, लिव्हर घट्ट दाबून धरा आणि बोल्ट आळीपाळीने थोडे-थोडे कसा. एक पूर्ण आवळून मग दुसरा आवळलात तर कॅलिपर फिरतो. शेवटचा जोर ६ ते ८ न्यूटन मीटर (बोल्ट कसण्याच्या जोराचं माप). पांढऱ्या कागदासमोर बघा: डिस्कच्या दोन्हीकडे प्रकाशाची बारीक रेघ दिसायला हवी.

केबलच्या ब्रेकची तऱ्हा वेगळी. त्यातल्या बहुतेकांत बाहेरचाच पॅड हलतो आणि डिस्कला किंचित वाकवून आतल्या स्थिर पॅडवर नेतो. म्हणून आतला पॅड मागच्या चक्रीने किंवा ॲलन कीने डिस्कच्या अगदी जवळ आणायचा, न घासता जेवढा येईल तेवढा, आणि मग बाहेरचा लावायचा. पॅड झिजला की हायड्रॉलिक ब्रेक स्वतःच जागा भरून काढतो, केबलवाला नाही. दर काही आठवड्यांनी आतली चक्री फिरवणं तुमचं काम. नुसती केबल ताणत राहिलात तर कॅलिपरचा हात आधीच अर्धा फिरलेला राहतो आणि ऐन वेळी दाबायला काही उरत नाही. 'केबलच्या डिस्कला दम नसतो' ही तक्रार बहुतेक वेळा इथूनच येते.

डिस्क बदलताना

सहा बोल्टच्या डिस्कला बहुधा टी-२५ टॉर्क्स (चांदणीच्या आकाराच्या टोकाची की) लागतो. ॲलन की कशीबशी अडकते म्हणून तीच फिरवलीत तर बोल्टचं डोकं गोल होईल आणि मग ड्रिल मागवावं लागेल. बोल्टवर थ्रेडलॉक (बोल्ट सैल होऊ नये म्हणून आट्यांना लावलेला गोंद) असतो, त्यामुळे पहिला झटका कडक लागतो. एक बोल्ट पूर्ण न काढता सगळे अर्धा-अर्धा फेरा सैल करा.

नव्या डिस्कवरचा बाण चाकाच्या फिरण्याच्या दिशेला हवा. कारखान्यातून येताना तिच्यावर गंज लागू नये म्हणून पातळ तेलकट थर असू शकतो, म्हणून बसवण्याआधी आणि बसवल्यावर आयपीएने पुसा, फडक्यावर काळं-पिवळं यायचं थांबेपर्यंत. सगळे बोल्ट आधी हाताने लावा आणि मग समोरासमोरचे कसत जा. शिमानो २ ते ४ न्यूटन मीटर सांगते, स्रॅम ६.२. टॉर्क रेंच (किती जोर लागला ते दाखवणारा पाना) नसेल तर आखूड की वापरा आणि फक्त मनगटाचा जोर लावा.

सेंटरलॉकला डिस्कचे दाते हबच्या दात्यांत बसतात आणि वरून रिंग येते, ४० न्यूटन मीटर. हा जोर चांगलाच आहे, लांब दांड्याचा पाना लागतो. रिंगला आतून दाते असतील तर कॅसेट काढायचं टूलच चालतं. बाहेरून खाचा असतील तर बॉटम ब्रॅकेटचं टूल.

डिस्क नवी आणि पॅड जुने, असं चालतं का? जुने पॅड सपाट आणि स्वच्छ असतील तर चालतं. खाचा पडलेल्या डिस्कवर झिजलेले पॅड त्या खाचांच्याच आकाराचे झालेले असतात. नव्या डिस्कला ते फक्त काही उंचवट्यांवर टेकतील. ताम्हिणीनंतर मी दोन्ही एकदमच बदलले.

रुळवणं: याला फाटा देऊ नका

नवे पॅड घालून कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत गेलो, ब्रेक लागतच नाही, असा फोन मला महिन्यातून एकदा तरी येतो. लागणार नाहीच. पॅडमधला थोडा माल डिस्कवर पातळ थरासारखा बसावा लागतो, त्यानंतरच पकड येते.

रहदारी नसलेला रस्ता गाठा. साधारण २० किमी वेग घ्या, एकच ब्रेक ठामपणे दाबून चालण्याच्या वेगापर्यंत या आणि सोडा. पूर्ण थांबायचं नाही, चाक लॉक करायचं नाही. असं २० वेळा. मग थोड्या जास्त वेगाने आणि जास्त जोराने १० वेळा. मग दुसरा ब्रेक. पूर्ण थांबलात तर गरम पॅडचा ठसा डिस्कवर एकाच जागी उमटतो आणि पुढे ब्रेक लावताना लिव्हरमध्ये धडधड जाणवते. सातव्या-आठव्या फेरीला ब्रेक हळूहळू 'जागा' होताना कळतो.

तेल लागलं, ब्रेक किंचाळतोय

पॅडचा खरा शत्रू तेल. आपल्याकडे ते कुठून येतं हे सांगितलं तर बरेच जण दचकतात. सायकल दुचाकीच्या वॉशिंग सेंटरवर नेली, त्यांनी धुऊन वर चमक यावी म्हणून डिझेल किंवा पॉलिशचा फवारा मारला. चेन रॉकेलने धुतली, शिंतोडे मागच्या डिस्कवर. चेनसाठी स्प्रेचं वंगण वापरलं, अर्धं हवेने डिस्कवर गेलं. आवाज येतो म्हणून भाबडेपणाने डिस्कलाच तेल घातलेला एक शेजारीही मला माहीत आहे. चेनला थेंबाची बाटली वापरा, फवारा नको, आणि मागच्या डिस्कवर प्लास्टिकची पिशवी चढवा.

तेल लागल्याची खूण: आवाज मोठा, पकड कमी, पॅडचा पृष्ठभाग गडद आणि चकचकीत. डिस्क आयपीएने किंवा भांड्याच्या साबणाने धुतली की साफ होते. पॅडचं तसं नाही, तो आत तेल शोषून घेतो. नुसताच तापून गुळगुळीत झाला असेल तर १२० नंबरचा पॉलिश पेपर फरशीवर सपाट पसरा आणि पॅड त्यावर आठच्या आकड्यात फिरवा, चमक जाईपर्यंत. ती धूळ नाकात जाऊ देऊ नका, थोडं पाणी मारा. पण तेल खरंच मुरलं असेल तर? इंटरनेटवर गॅसवर भाजण्यापासून ओव्हनपर्यंत सगळे उपाय सापडतात. मी भाजून बघितलंय. दोन दिवस बरा चालला, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच, आणि स्वयंपाकघरात आठवडाभर वास. टाका आणि नवा आणा.

पाऊस पडताना ब्रेक ओरडला आणि दोन-तीन दाबांत गप्प झाला तर काही करू नका, ते फक्त पाणी आहे. कोरड्यात ओरडत असेल तर कॅलिपरचे बोल्ट, डिस्कचे बोल्ट आणि हबचा खुळखुळा क्रमाने तपासा. सैल काहीतरी थरथरलं की आवाज तिथून येतो, आणि आपण पॅडला दोष देत बसतो.

वाकडी डिस्क

फेऱ्यात एकदाच 'शिक्… शिक्…' येत असेल तर डिस्क वाकलेली. बसच्या टपावर, गाडीच्या डिकीत किंवा गर्दीच्या पार्किंगमध्ये वाकते. चाक हळू फिरवा, कॅलिपरच्या फटीत बघा, जिथे टेकते तिथे मार्करने खूण करा. छोट्या अडजस्टेबल पान्याचे जबडे आयपीएने पुसून, कागद घालून तिथे पकडा आणि उलट दिशेला अगदी थोडं वाकवा. एकदम फार नको. वाकवा, सोडा, फिरवून बघा. पोलाद परत येतं, म्हणून हवंय त्यापेक्षा किंचित पुढे न्यावं लागतं. दहा मिनिटांत जमतं. अर्ध्या तासात जमलं नाही तर थांबा, कारण एव्हाना तिचा पापड झालेला असतो. डिस्क तापलेली असताना हात लावू नका, आणि फिरत्या डिस्कजवळ बोट नेऊ नका. बोट भोकात अडकलं तर तुटतं.

घाट उतरताना

माणूस आणि सायकल मिळून ९० किलो धरा. सिंहगडासारखा जवळपास ६०० मीटरचा उतार उतरताना जी ऊर्जा सुटते ती दीड लिटर पाणी उकळीला आणायला पुरते. काही भाग वारा घेतो, उरलेला सगळा त्या दोन पातळ चकत्यांवर. म्हणून खालपर्यंत ब्रेक हलका धरून ठेवू नका. वळणाआधी दोन्ही ब्रेक ठाम दाबून वेग कमी करा आणि वळणात सोडा, म्हणजे डिस्कला हवा लागते. डिस्कवर निळसर-जांभळी झाक आली असेल तर ती फार तापली होती. नंतर तिची जाडी आणि पॅडची चमक दोन्ही बघा. उतारावर लिव्हर हळूहळू हँडलपर्यंत यायला लागला तर थांबा, चहा घ्या, गार होऊ द्या. डिस्कवर बाटलीतलं पाणी ओतू नका, तापलेली डिस्क त्याने वाकते.

पावसातून घरी आल्यावर कॅलिपरवर साध्या पाण्याची धार सोडून चिखल काढा, प्रेशर पंप नको. दर पंधरा दिवसांनी टॉर्च आणि पांढरा कागद. लांबच्या राइडला पॅडची एक जोडी, पिन आणि क्लिप छोट्या झिपच्या पिशवीत घालून सीटखालच्या बॅगेत ठेवा. चेनच्या तेलाची बाटली त्याच कप्प्यात नको. आणि काढलेले जुने पॅड सगळेच फेकू नका. कोरड्या, थर संपलेल्या पॅडची एक जोडी टूलबॉक्समध्ये असू द्या, कधी पॅड आधी काढून बसलात तर पिस्टन मागे ढकलायला तीच उपयोगी पडते.